'ठाणे मधील सर्वोत्तम' : उत्तरयंत्रांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठीविषयी

'ठाणे मधील सर्वोत्तम दंतवैद्य', 'कल्याण मध्ये भाड्याने घर', 'डोंबिवली मधील नामांकित क्लासेस' अशी शीर्षके संकेतस्थळांवर इतकी रुळली आहेत की त्यांतील मराठी कोठे अडखळते हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येईनासे झाले आहे. ठाण्यात आयुष्य काढलेला माणूस 'ठाणे मध्ये राहतो' असे बोलत नाही. तो ठाण्यात राहतो, ठाण्याला राहतो, क्वचित ठाण्यामध्ये राहतो. 'ठाणे' या एकारान्त नपुंसकलिंगी नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना त्याचे 'ठाण्या' असे सामान्यरूप होते. 'डोंबिवली' आपले रूप बदलत नाही, पण प्रत्यय जोडूनच घेते. 'कल्याण'ला 'ला' आणि 'मध्ये' मानवतात, पण तेही जोडूनच. एकाच लोहमार्गावरील तीन गावांची ही तीन वळणे मराठी माणूस व्याकरण न शिकता पाळतो. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत मराठी व्याकरणकारांनी सामान्यरूपाचा विचार आस्थेने केला, याचे कारण उघड आहे. नामाने वाक्यात प्रवेश करताना बदलणे हे मराठी वाक्यरचनेचे मर्मस्थान आहे.

उपरोक्त शीर्षके लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसते असे नव्हे. पुष्कळदा तो मराठीचाच पदवीधर असतो. शब्दाचे लेखरूप जसेच्या तसे जुळवून पाहणाऱ्या शोधयंत्राला 'ठाण्यात' या रूपात 'ठाणे' दिसणार नाही, म्हणून नामाला वाक्यात शिरू द्यायचे नाही, ते दारातच उभे ठेवायचे, असे त्याला शिकवण्यात आलेले असते. यंत्राच्या एका मर्यादेसाठी भाषेने आपला एक अवयव दुमडून घेतला. आणि यातील उपरोध असा की ती मर्यादाच आता बहुतांशी उरलेली नाही. शब्दांना व वाक्यखंडांना संख्यांच्या रूपात मांडून त्यांचे अर्थसान्निध्य मोजणाऱ्या आजच्या प्रतिमानांना 'ठाणे' आणि 'ठाण्याहून' यांचे नाते उमगते. यंत्र सामान्यरूप शिकले. यंत्रासाठी लिहिणारा मात्र ते विसरून बसला आहे.

हा प्रकार किरकोळ म्हणून सोडून देता आला असता. परंतु शोधयंत्राची जागा आता उत्तरयंत्र घेत आहे, आणि त्याच्या मागण्या शब्दरूपापाशी थांबत नाहीत; त्या परिच्छेदाच्या, युक्तिवादाच्या, किंबहुना संहितेच्या घडणीपर्यंत पोहोचतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाले, पुढे परप्लेक्सिटीसारखी साधने रूढ झाली, आणि गूगलने आपल्या शोधपृष्ठाच्या माथ्यावर यंत्ररचित सारांश देण्याचा उपक्रम ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आणला तो इंग्रजी व हिंदी या भाषांत. (त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.) पूर्वीचे यंत्र वाचकाला दहा दारे दाखवून बाजूला होई. आताचे यंत्र स्वतःच घरात जाते, हवे ते उचलून आणते आणि वाचकाला अंगणातच निरोप देते. त्या निरोपात आपल्या मजकुराचा तुकडा असावा, यासाठी मजकूर कसा लिहावा याचे एक नवे शास्त्र उभे राहिले आहे.

याला शास्त्र म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्याचे विधिनिषेध ठरलेले आहेत. शीर्षक प्रश्नरूप असावे. उत्तर पहिल्या दोन वाक्यांत यावे. प्रत्येक परिच्छेद मागच्या-पुढच्या आधाराविना समजावा. सर्वनामाऐवजी नामाची पुनरुक्ती करावी. शक्य तेथे यादी द्यावी. आकडा, अवतरण आणि आधारग्रंथ यांची पेरणी करावी. काव्यशास्त्रातील दोषप्रकरण आणि गुणप्रकरण यांहून याचे स्वरूप निराळे नाही. निराळी आहे ती सहृदयाची कल्पना. 'गर्भित वाचक' ही संज्ञा वोल्फगांग इझरने रूढ केली तेव्हा संहितेच्या घडणीतच एक वाचनभूमिका अनुस्यूत असते, एवढे त्याला सांगायचे होते. ती भूमिका कोणी माणूसच वठवील हे त्याने गृहीत धरले होते. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली ती वाचकाच्या जन्माची किंमत म्हणून. येथे लेखकाला तर मरावे लागतेच, पण जन्माला आलेला वाचक वाचत नाही. तो निवडतो, कापतो, जुळवतो, आणि माणसाला सांगतो.

या शास्त्राचा सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आय.आय.टी. आदी संस्थांशी संबंधित संशोधकांच्या या अभ्यासाने 'जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन' ही संज्ञा रूढ केली. मजकूर फेरलिहिण्याच्या नऊ पद्धती त्यांनी तपासल्या. आधारांचा उल्लेख, अवतरणे आणि आकडेवारी यांची भर घातल्याने यंत्राच्या उत्तरातील दृश्यता चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते, तर शोधशब्दांची जुनी खोगीरभरती फारशी उपयोगी पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वरवर पाहता हा निष्कर्ष अभ्यासकाला सुखावणारा आहे: यंत्राला आधार हवेत, पुरावा हवा! परंतु त्या मापनात मोजली गेली ती दृश्यता. विधान खरे की खोटे हा त्या मापनाचा विषयच नव्हता. अवतरण आहे की नाही याला महत्त्व आले. ते अवतरण त्या विधानाला खरोखर आधार देते का, याला नाही. नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर शब्दप्रमाणातील आप्त वगळला गेला आणि शब्द तेवढा उरला. प्रमाण हे अलंकार झाले. पीएच.डी.च्या प्रबंधांत तळटीपांची आरास मांडण्याची विद्या आपल्याकडे यंत्राच्या आधीपासून नांदते, हे खरे. पण तेथे निदान परीक्षकाने तळटीप उघडून पाहण्याची शक्यता असते.

मूळ आक्षेप याहून खोल आहे. 'प्रत्येक परिच्छेद स्वयंपूर्ण असावा' हा विधी यंत्राच्या कार्यपद्धतीतून आला आहे. यंत्र संहितेचे तुकडे करते, प्रश्नाशी जवळीक साधणारे तुकडे उचलते आणि त्यांतून उत्तर सिद्ध करते. म्हणून तुकडाच पूर्ण असला पाहिजे. याच्या बरोबर उलट भूमिका भारतीय परंपरेत मीमांसकांनी घेतली. वाक्याला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात. पण वाक्ये पूर्ण झाली तरी त्यांना परस्परांची आकांक्षा उरते आणि त्यांतून एकवाक्यता, पुढे महावाक्य सिद्ध होते. ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे तर उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ पाहायचा, कशाची पुनरुक्ती झाली ते पाहायचे, कोणते विधान अर्थवाद म्हणून केवळ स्तुतीसाठी आले आहे ते वेगळे काढायचे. यांपैकी एकही गोष्ट तुकड्यापुरती ठरवता येत नाही. 'याउलट', 'तथापि', 'त्यामुळे', 'असे असूनही' या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद स्वयंपूर्ण असूच शकत नाही, आणि वैचारिक मराठी गद्याचे पाऊण आयुष्य याच शब्दांवर चालले आहे. नव्या शास्त्रात हे शब्द दोष ठरतात.

परिणाम काय होतो याचे उदाहरण दूर शोधायला नको. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही आपल्या वादपद्धतीची रीत. आगरकरांसारखा लेखक प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच जोमाने मांडतो आणि मग त्याचा समाचार घेतो. आता त्यातील पूर्वपक्षाचा परिच्छेद तेवढा उचलला गेला, तर आगरकर जे खोडून काढीत होते तेच आगरकरांचे मत म्हणून उत्तरात येईल. चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तील वक्रोक्तीची अवस्था याहून बिकट, कारण तेथे प्रतिपक्षाची सीमारेषाही आखलेली नसते. स्तुतीच्या शब्दांत निंदा असते आणि ती पुढच्या-मागच्या सुरावरून कळते. यावर दृश्यतेच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर ठरलेले असते: पूर्वपक्ष लिहूच नका, उपरोध टाळा, सरळ लिहा. म्हणजे ज्या भाषेत वाद घालता येत नाही अशी भाषा लिहा. यंत्राच्या सोयीसाठी लेखनाचा एक प्रकारच रद्द करण्याची ही सूचना आहे, आणि ती शैलीविषयक सल्ल्याच्या सौम्य वेषात येते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. तुकडा उचलणे हे मुळातच पाप आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा गद्यग्रंथ आणि पहिले मोठे वेचीव काम ही एकाच परंपरेची, आणि जवळजवळ एकाच पिढीची, निर्मिती आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. केसोबासांनी त्यांतील चक्रधरांची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला. लीळेचा प्रसंग, स्थळ, समोरचा माणूस हे सारे गळाले आणि वचन उरले. आजच्या भाषेत सांगायचे तर उत्तर उरले. परंतु महानुभावांना या वेचणीतील धोका लगेच कळला. कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले, हे सांगणारे 'प्रकरणवश' नावाचे वाङ्मय त्यांनी सूत्रांच्या भोवती उभे केले. सूत्र पाठ करावे, पण प्रकरण जाणल्याविना त्याचा अर्थ लावू नये. केसोबासांच्याच 'दृष्टांतपाठा'त आणखी एक विवेक दिसतो: सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, आणि त्यांचा मेळ दाखवणारे दार्ष्टान्तिक संकलकाचे. श्रीमुखातून आलेले कोणते आणि संकलकाने जोडलेले कोणते, यांत गल्लत होऊ नये अशी ही योजना आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या या संकलकाने पाळलेली ही शिस्त आजच्या उत्तरयंत्रात शोधून सापडत नाही. तेथे सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक यांचा एकच काला झालेला असतो. शेवटी दुव्याचा एक आकडा लटकवला म्हणजे प्रकरण सांगितले असे समजायचे.

या वाङ्मयाची आठवण ठाण्याच्या संदर्भात निघावी यातही औचित्य आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले होते. त्यांचे कुलूप निघाल्यावर या वाङ्मयाला मराठी वाङ्मयेतिहासात ज्यांनी जागा करून दिली त्यांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे हे प्रमुख होत, आणि भावे ठाण्याचे. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी आले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चे. ठाण्याविषयी कोणत्याही उत्तरयंत्राला विचारावे. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे आगगाडी हमखास निघते, तलाव निघतात. भाव्यांसाठी मुद्दाम विचारावे लागते. आगगाडीची तारीख हे तुकड्यात मावणारे ज्ञान आहे. एका गावातील ग्रंथसंग्रह आणि एका वाङ्मयेतिहासाचे लेखन यांच्यातील संबंध हे तुकड्यात न मावणारे ज्ञान आहे.

दृश्यतेच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत सबळ मुद्दा नेमका येथेच उभा राहतो, आणि तो उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ते म्हणतात: उद्याचा विद्यार्थी ग्रंथालयाची पायरी चढण्याआधी यंत्राला विचारणार आहे. यंत्राला जे दिसत नाही ते त्याच्या लेखी नाही. तेव्हा ग्रंथालयांनी, नियतकालिकांनी, वाङ्मयीन संस्थांनी आपला मजकूर यंत्राला रुचेल असा फेरलिहून घ्यावा; शुद्धतेचा अभिमान बाळगून नाहीसे होण्यात कसला पुरुषार्थ? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते. एवढ्या मोठ्या समाजाचे लेखन यंत्राच्या उत्तरांत इंग्रजीच्या मानाने नगण्य असावे, ही चिंतेची बाब आहे यात वाद नाही.

निदान बरोबर आहे. उपाय मात्र भलत्याच रोगावरचा आहे. मराठी मजकूर यंत्राला दिसत नाही तो त्याच्या वाक्यरचनेमुळे नव्हे. तो दिसत नाही कारण पुष्कळसा मजकूर यंत्राला वाचताच येत नाही. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आकृती आदी टंकप्रणालींत जुळवलेले अंक आणि ग्रंथ यंत्राच्या दृष्टीने निरर्थक चिन्हांचे ढीग आहेत. जुनी नियतकालिके छायाचित्ररूप पीडीएफमध्ये आहेत आणि त्यांतील अक्षर हे अक्षर म्हणून ओळखले गेलेले नाही. महानुभावांनी बुद्ध्या जी सकळ लिपी योजली, तशीच एक अभावित सकळ लिपी मराठीने संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत तयार केली. ती उलगडणे हे काम आहे, आणि ते कंटाळवाणे, खर्चिक व कीर्तिहीन आहे. त्यापेक्षा 'पाच कारणे' आणि 'दहा वैशिष्ट्ये' लिहून घेणे स्वस्त पडते. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येण्याजोग्या स्वरूपात ठेवले गेले, तेव्हा त्यांतील एकाही नोंदीचे शीर्षक प्रश्नरूप करावे लागले नाही. ते दिसतात, कारण ते वाचता येतात.

दुसरे असे की ग्रंथ शोधता यावा यासाठी काय करायचे, हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तर मराठीत एकदा दिले गेले आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली; १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. दात्यांनी हजारो ग्रंथ दृश्य केले आणि त्यांतील एकाही ग्रंथाचे एक अक्षर बदलले नाही. सूची वेगळी, संहिता वेगळी. सूची सुटसुटीत, एकरूप, तुकड्यातुकड्याची असावी. संहितेने तशी असण्याचे कारण नाही. कोणत्याही ग्रंथपालाने लेखकाला 'तुमची कादंबरी सूचिपत्रासारखी लिहा म्हणजे सापडेल' असे सांगितल्याचे ऐकिवात नाही. आज मात्र नेमके तेच सांगितले जात आहे, आणि सांगणारे त्याला युगधर्म म्हणत आहेत. यंत्राला मदत करायची तर लेखाशेजारी त्याची नोंद द्यावी: लेखक, वर्ष, अंक, पृष्ठ, विषय, कोणता परिच्छेद पूर्वपक्षाचा आणि कोणता उत्तरपक्षाचा. नव्या युगाचे प्रकरणवश म्हणता येईल असे ते काम आहे. त्यासाठी मराठी जाणणारी माणसे लागतील, आणि ती ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून दरवर्षी एम.ए. होऊन बाहेर पडतच आहेत.

त्या पदवीधरांना प्रत्यक्षात कोणते काम मिळते हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांची, शिकवण्यांची, दवाखान्यांची वर्णने शब्दांच्या हिशेबाने लिहिण्याचे काम त्यांच्यातील अनेकांच्या वाट्याला येते. पोट भरण्यासाठी केलेल्या लेखनाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला नाही. जाहिरातीची मराठी ही स्वतंत्र, कधी कधी अतिशय चतुर अशी विद्या आहे. आक्षेप आहे तो या लेखनाचे विधिनिषेध वाङ्मयाच्या अध्यापनात मागील दाराने शिरण्याला. व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांतून 'वेबलेखना'चे पाठ दिले जातात, ते द्यावेत. पण त्याच वर्गात निबंधाचे तेच नियम म्हणून सांगितले गेले, की विद्यार्थी ज्ञानेश्वरीवरील उत्तरही 'ज्ञानेश्वरीची सहा वैशिष्ट्ये' असे लिहू लागतो. त्याला 'तथापि' लिहिता येत नाही, कारण 'तथापि'साठी आधी काही मान्य करावे लागते. त्याच्या उत्तरातील प्रत्येक परिच्छेद स्वयंपूर्ण असतो आणि कोणताच परिच्छेद कोठे जात नसतो. अशी उत्तरपत्रिका तपासायला माणसाची गरज उरत नाही, हेही कोणाच्या तरी ध्यानात येईलच.

यातील शेवटची विसंगती प्रत्यक्ष पाहता येण्याजोगी आहे. उत्तरयंत्राला मराठीत विचारावे की ठाण्यात जुनी ग्रंथालये कोणती. उत्तराच्या वाक्यात यंत्र बहुधा 'ठाण्यात', 'ठाण्यातील' असेच लिहिते. मराठी माणसांनी मराठी माणसांसाठी लिहिलेल्या गद्यातून ते तसे शिकले आहे. मग खाली दिलेला दुवा उघडावा. त्या पानाच्या माथ्यावर, यंत्राला दिसावे म्हणून, ठळक अक्षरांत लिहिलेले असते: 'ठाणे मधील सर्वोत्तम ग्रंथालये'.